तिसऱ्या चाकाची कुळकथा

बजाज चेतक ही स्कूटर आणि राजदूत ही मोटारसायकल या दोन गाड्या आपल्याकडच्या एकाच रस्त्यावर वर्षानुवर्षे शेजारीशेजारी धावल्या. खड्डे तेच, खिळे तेच, टायरचा दर्जाही साधारण सारखाच. तरीही चेतकच्या पाठीमागे एक जादा चाक कायम बांधलेले असे आणि राजदूत, जावा किंवा बुलेट यांपैकी एकाही गाडीवर ते दिसत नसे. मोटारसायकलवर चाक ठेवायला जागाच कुठे असते, असे याचे सोपे उत्तर दिले जाते. पण ज्यांना मोटारसायकलवर दुधाचे चार कॅन, गवताचा भारा आणि वर एक माणूस बसवता येतो, त्यांना एक चाक बांधायला जागा मिळाली नसती हे पटत नाही. चाक ठेवायचे कुठे हा नंतरचा प्रश्न आहे. ते भर रस्त्यात, हाताशी असलेल्या एकदोन पान्यांनी, मालकाला बदलता येईल का हा आधीचा. स्कूटरची स्टेपनी या आधीच्या प्रश्नाच्या उत्तरातून जन्माला आली. गाडीचे कोणते काम मालकाने करायचे आणि कोणते गॅरेजवर सोपवायचे ही वाटणी रस्ता किंवा बाजार ठरवत नाही, ती गाडी आखणारा ठरवतो. या तिसऱ्या चाकाची कुळकथा पाहिली की हे स्पष्ट होते.

कथा सुरू होते ती मोटारींपासून. 1888 मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने बेलफास्टमध्ये हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. पुढच्या दहापंधरा वर्षांत ही धाव सायकलवरून मोटारीवर आली आणि सोबत पंक्चर घेऊन आली. घोड्यांच्या नालांचे खिळे तेव्हा रस्त्यावर जागोजागी पडलेले असत. मोटारीचे चाक मात्र आसावर पक्के बसवलेले, सहज न निघणारे. त्यामुळे चाक जागेवरच ठेवून पट्ट्यांनी टायर उचकटायचा, ट्यूब ओढून काढायची, ठिगळ लावायचे आणि हातपंपाने पुन्हा हवा भरायची, हे सारे रस्त्याच्या कडेला चाले. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर दुकान असलेल्या डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांनी आरे नसलेली एक गोल रिम घेतली आणि तिच्यावर हवा भरलेला टायर चढवून ठेवला. पंक्चर झाले की ही रिम बिघडलेल्या चाकाला बाजूने चापांनी आवळायची आणि पुढे निघायचे. रस्त्याच्या नावावरून ते चाक स्टेपनी झाले. काही वर्षांतच रज-व्हिटवर्थ कंपनीच्या जॉन प्यू याने अख्खे चाकच आसावरून झटपट सुटेल अशी रचना आणली आणि चापांनी आवळायची रिम मागे पडली. नाव मात्र भारतात, माल्टात आणि थोडे रूप बदलून ब्राझीलमध्ये टिकले. या पहिल्या अध्यायातच पुढच्या कथेचे सूत्र आहे. जादा चाक सोबत असणे पुरेसे नसते, मूळ चाक सुटावेही लागते.

दुचाकीच्या बाबतीत हे सूत्र ठळकपणे दिसते ते 1946 मध्ये. इटलीतल्या पोंतेदेरा येथील पियाज्योचा विमानांचा कारखाना युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला होता. एन्रिको पियाज्यो याला आता विमाने सोडून सामान्य माणसाला परवडेल असे वाहन बनवायचे होते. आधी तयार झालेला नमुना त्याला आवडला नाही, म्हणून त्याने ते काम कोर्रादिनो दास्कानिओकडे दिले. हा अभियंता विमानविद्येतला, 1930 मध्ये हेलिकॉप्टरच्या उड्डाणाचे विक्रम करून दाखवलेला. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे, आणि त्याची कारणे नोंदली गेलेली आहेत: ती बसायला गैरसोयीची, तिची चेन कपडे खराब करणारी आणि पंक्चर झाले तर तिचे चाक बदलणे जिकिरीचे. ही यादी ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्यात वेगाचा उल्लेख नाही, ताकदीचा नाही. तिन्ही तक्रारी गाडी वापरणाऱ्याच्या आहेत, आणि तिसरी तर सरळ देखभालीची आहे. म्हणजे पंक्चर हा गाडीवर पुढे ओढवणारा अपघात न मानता आराखड्यातच सोडवायचा प्रश्न मानणारा माणूस या कामावर होता. 23 एप्रिल 1946 रोजी व्हेस्पा या स्कूटरचे पेटंट दाखल झाले. इंजिन 98 सीसीचे होते आणि चाके 8 इंची.

त्याने हा प्रश्न कसा सोडवला हे जवळून पाहण्यासारखे आहे. मोटारसायकलचे चाक चिमट्याच्या दोन पायांमध्ये अडकलेले असते. ते काढायचे तर आस उपसावा लागतो. मागचे चाक असेल तर चेन उतरवायची, ब्रेकची कांडी सोडायची आणि परत बसवताना चेनचा ताण जुळवून चाक सरळ रेषेत आहे ना हेही पाहायचे. दास्कानिओने विमानाच्या चाकाप्रमाणे पुढचे चाक एकाच बाजूने धरले. मागे इंजिन थेट चाकाशेजारी आणून बसवले, म्हणजे चेनच उरली नाही आणि मागचे चाकही एका बाजूने मोकळे झाले. ब्रेकचा ड्रम गाडीलाच राहतो आणि त्यावर बाहेरून रिम नटांनी आवळलेली असते. नट सोडले की चाक हातात येते. ब्रेकची केबल, गिअर, आस यांपैकी कशालाही हात लागत नाही. पुढचे आणि मागचे चाक एकाच मापाचे असल्याने एक जादा चाक दोन्हीकडे चालते. रिमही अखंड नसते, पत्र्याचे दोन अर्धे एकमेकांना जोडून ती बनते. त्यामुळे पंक्चर काढताना टायर पट्टीने उचकटावा लागत नाही. हवा सोडायची, अर्धे सुटे करायचे, ट्यूब बाहेर. इथे एकच सावधगिरी हवी. ड्रमला धरणारे नट वेगळे आणि रिमचे अर्धे जोडणारे वेगळे. चाकात हवा असताना दुसरे नट सोडले तर रिम जोराने फाकून इजा होऊ शकते. स्कूटरवाल्याला देखभालीतले दुसरे काही येत नसले तरी या दोन नटांतला फरक माहीत असावा लागे.

हा आराखडा महाराष्ट्रात आला तो पियाज्योच्या परवान्यावर. बजाजच्या मूळ कंपनीने 1948 पासून आयात केलेल्या दुचाकी-तीनचाकी विकायला सुरुवात केली होती. 1959 मध्ये तिला उत्पादनाची सरकारी परवानगी मिळाली आणि 1960 च्या दशकात पुण्याजवळच्या आकुर्डीत स्कूटर बनू लागल्या. 1971 मध्ये करार संपला, पण बांधणी तीच राहिली आणि 1972 पासून ती चेतक या नावाने घरोघर पोहोचली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया याच कुळातली. कानपूरच्या एलएमएलने पियाज्योशी हातमिळवणी करून व्हेस्पा काढली तेव्हा तिची स्टेपनी डाव्या पोटात, झाकणाआड गेली. चेतकची मागे, उघड्यावर राहिली आणि तिला रेक्झिनचे कव्हर शिवून घ्यायची पद्धत पडली. जागा बदलली, चाक तेच. दास्कानिओने 1948 मध्ये आखलेली तीनचाकी आपे ही आपल्या ऑटोरिक्षाची पूर्वज. तिथेही सगळी चाके एका मापाची आणि नटांवर सुटणारी, म्हणूनच रिक्षात आजही स्टेपनी दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की स्टेपनीचे श्रेय आराखड्याला कशाला द्यायचे? आपले रस्ते वाईट होते, टायर कमी दर्जाचे होते, नव्या गाडीसाठी लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागत होते; अशा टंचाईच्या काळात लोक स्वतः पाना हातात घेणारच. टंचाई खरी होती, हे कुणी नाकारणार नाही. पण टंचाईतून गरज समजते, वस्तू समजत नाही. तीच टंचाई बुलेटच्या मालकालाही होती, तरी तो गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडेच जात होता, कारण त्याच्या गाडीने दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता. एकाच काळात, एकाच शहरात, कदाचित एकाच पगारावर जगणारे दोन मालक वेगळे वागतात, तेव्हा कारण त्यांच्या गाड्यांतच शोधावे लागते. लॅम्ब्रेटाही हेच सांगते. तिच्यावर स्टेपनी होती, मागचे चाक व्हेस्पासारखे सहज निघे, पण पुढचे दोन्ही बाजूंनी धरलेले असल्याने आस सैल केल्याशिवाय सुटत नसे. स्कूटर तीही होती. फरक पडला तो चाक धरण्याच्या पद्धतीने.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही मोटारसायकलींवरही जादा चाक असते. रशियन उराल ही साइडकारची गाडी ते बाळगत आली आहे. उलट 2020 मध्ये विद्युत रूपात परतलेल्या चेतकचे पुढचे चाक पूर्वीसारखेच एका बाजूने धरलेले आहे, तरी तिच्यावर स्टेपनी नाही. मग आराखड्याचा सिद्धांत कोसळत नाही का? उरालने तो बळकटच होतो. तिची तिन्ही चाके एकमेकांच्या जागी बसतील अशी मुद्दाम बनवलेली असत, म्हणून तिथे जादा चाकाला अर्थ होता. नव्या चेतकच्या बाबतीत मात्र सिद्धांताला मर्यादा घालावी लागते. आराखडा चाक बदलणे सोपे करतो, बदलण्याची गरज निर्माण करत नाही. ती गरज ट्यूबलेस टायरने कमी केली. ट्यूबला खिळा लागला की ती फाटते आणि हवा एकदम जाते. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला खिळा बहुधा स्वतःच भोक अडवून बसतो, हवा हळूहळू उतरते आणि दुकानापर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. भोक बुजवायला चाक उतरवावेही लागत नाही.

यात एक विसंगती दडलेली आहे. ट्यूबलेस टायरला हवा धरून ठेवणारी अखंड रिम लागते. जुन्या स्कूटरची दोन अर्ध्यांची रिम सांध्यातून हवा सोडते, आणि आऱ्यांच्या चाकात आऱ्यांची भोके आड येतात. म्हणजे ज्या सांध्यामुळे ट्यूब काढणे मालकाच्या आवाक्यात आले होते, तोच सांधा नव्या टायरच्या वाटेत उभा राहिला. रिम अखंड झाली तेव्हा पंक्चरने रस्त्यात अडकणे दुर्मीळ झाले, पण टायर उतरवायचे काम पुन्हा दुकानातल्या यंत्राकडे गेले. शिवाय गिअरविरहित स्कूटरमध्ये मागच्या चाकापुढे सायलेन्सर आडवा येतो, आणि आता कित्येक गाड्यांचे पुढचे चाक 12 इंची व मागचे 10 इंची असते. अशा गाडीला एक स्टेपनी द्यायची तरी कोणत्या मापाची? बजाजने डिसेंबर 2009 मध्ये स्कूटरधंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, त्याआधीच बाजार या नव्या बांधणीकडे वळला होता.

मग गेली स्टेपनी तर बिघडले काय, असा शेवटचा प्रश्न उरतो. खरे तर फारसे काही बिघडले नाही. वजन कमी झाले, सामानाला जागा मिळाली आणि भर पावसात चाक सोडवत बसण्याची वेळ टळली. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना हेही आठवावे की अनेकांची स्टेपनी वर्षभर दुर्लक्षित राही आणि ऐन वेळी तिच्यात हवा नसे. तोटा झाला तो वेगळ्या ठिकाणी. स्टेपनीमुळे मालक चाकाकडे पाहत असे. मागच्या टायरवर वजन आणि जोर दोन्ही पडत असल्याने तो आधी झिजतो, हे त्याला ठाऊक होते आणि तिन्ही चाके फिरती ठेवून तो झीज वाटून घेत असे. ट्यूबलेसने चाक बदलण्याचे काम हिरावले, चाकाकडे पाहण्याचे काम हिरावलेले नाही. ते आपणच सोडून दिले. हवा हळू उतरते हा ट्यूबलेसचा गुणच इथे दोष ठरतो, कारण खिळा घेऊन दिवसेंदिवस फिरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणून गाडी कोणतीही असो, चार गोष्टी मालकानेच कराव्यात. टायर थंड असताना पंधरा दिवसांतून एकदा हवा मोजावी. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकात गाडीच्या पुस्तकात दिलेली जास्तीची हवा भरावी. नक्षीच्या खाचांत तळाशी असलेले उंचवटे टायरच्या पृष्ठभागाला टेकले की टायर बदलावा. टायरच्या बाजूला कोरलेल्या शेवटच्या चार आकड्यांतून तो कोणत्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात बनला हे वाचावे. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. आणि ज्यांच्याकडे जुनी चेतक किंवा प्रिया अजून चालती आहे, त्यांनी स्टेपनीत मागच्या चाकाइतकी हवा ठेवावी. पुढे लावायची वेळ आली तर हवा कमी करता येते. रस्त्यात वाढवता येत नाही.