गर्भपात, मृतजन्म, जिवंत जन्म : कायद्याच्या भाषेत नेमकं काय?

सोनोग्राफीत बाळाला गंभीर व्यंग दिसलं की घरात सगळे एकदम बोलू लागतात. कुणी म्हणतं कायद्याने बंदी आहे, कुणी म्हणतं नवऱ्याची सही लागते. म्हणून आधी शब्दांचे अर्थ पाहू.

वैद्यकीय गर्भपाताचा आपला कायदा 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीनुसार 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं. 20 ते 24 आठवड्यांत, नियमांत दिलेल्या ठराविक परिस्थितीत, दोन डॉक्टरांचं. 24 च्या पुढे वैद्यकीय मंडळाने गर्भात 'लक्षणीय विकृती' असल्याचं निदान केलं तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. मंडळाने अर्ज आल्यापासून तीन दिवसांत अहवाल द्यायचा असतो. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तिथेही आठवडे आड येत नाहीत.

आणि सही? सज्ञान बाईची संमती तिची एकटीची. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. हॉस्पिटलवाले मागतात ती त्यांची सवय. मुलगी अल्पवयीन असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तर मात्र पालकाची लेखी संमती लागते.

इथे एक गोंधळ आपल्या घरांत हमखास होतो. मसल्यात 120 दिवस मोजतात ते हमल राहिल्यापासून, तर डॉक्टर आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे ते 120 दिवस डॉक्टरांच्या कागदावर साधारण 19 आठवडे होतात. मुफ्तीसाहेबांना विचारायला जाताना ही दोन्ही मोजमापं सांगावीत, नाहीतर उत्तर चुकीच्या आकड्यावर मिळतं.

आता जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, 1969. बाळ आईपासून पूर्ण वेगळं झाल्यावर त्याने श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दिसली, तर तो 'जिवंत जन्म', मग गर्भ कितीही आठवड्यांचा असो. बाळ दहा मिनिटंच जगलं तरी जन्म आणि मृत्यू अशा दोन नोंदी होतात, मुदत 21 दिवस. हे दोन्ही दाखले मागून घ्या. दफनाच्या धावपळीत जन्माची नोंद राहून जाते आणि ते बाळ कागदावर कधी आलंच नव्हतं असं होतं. 28 आठवडे पूर्ण झाल्यावर पोटातच गेलेलं बाळ म्हणजे 'मृतजन्म', त्याचीही नोंद असते. त्याआधीचं या व्याख्येत बसत नाही.

नोकरदार बायकांसाठी तिसरा अर्थ आहे. प्रसूती लाभाच्या कायद्यात 26 व्या आठवड्यापर्यंत झालेला तो 'गर्भपात', आणि त्यानंतर पुरावा दिल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा. वैद्यकीय गर्भपातालाही ती मिळते. आता 27 व्या आठवड्यात पोटात गेलेलं बाळ बघा : एका कायद्यात तो गर्भपात नाही, दुसऱ्यात मृतजन्मही नाही! कायदे करणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी ठेवून पाहायला हवे होते, असं आम्हाला वाटतं.

बाळ जगणार नाही हे कळूनही आईला ते जन्माला घालायचं असेल तर? अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या 2016 च्या कायद्यात यासाठी 'पेरिनेटल हॉस्पिस' अशी व्याख्याच आहे : निदानापासून बाळाच्या जन्म-मृत्यूपर्यंत आई आणि कुटुंबाला दिलेली सर्वांगीण साथ. जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत मृत्यू जवळपास निश्चित असेल ते व्यंग 'प्राणघातक', असंही तिथे लिहिलंय. हा कायदा गर्भपातावर निर्बंध घालणारा म्हणून कोर्टात गेला, त्यातली काही कलमं अडली, हेही लक्षात ठेवावं. पण व्याख्या स्पष्ट आहे. आपल्या 1971 च्या कायद्यात 'लक्षणीय' म्हणजे किती हे सांगितलेलं नाही, आणि अशा साथीला त्यात शब्दच नाही. म्हणून प्रसूतीआधीच बालरोगतज्ज्ञांना विचारून ठेवा : बाळाला वेदना होऊ नयेत म्हणून काय कराल, आईच्या कुशीत किती वेळ द्याल, व्हेंटिलेटर लावायचा की नाही, आणि दफनासाठी बाळ आमच्या ताब्यात कधी मिळेल.