मर्चंट, विजय माधवजी : क्रीडाजीवन व अपंगसेवा

मर्चंट, विजय माधवजी : (१२ ऑक्टोबर १९११ – २७ ऑक्टोबर १९८७). विख्यात भारतीय क्रिकेटपटू, कापड-उद्योजक आणि अपंगांच्या पुनर्वसनकार्याचे पुरस्कर्ते. जन्म व मृत्यू मुंबई येथे. मूळ आडनाव ठाकरसी. शाळेत मुख्याध्यापकांनी नाव व वडिलांचा व्यवसाय विचारला असता मिळालेल्या उत्तरातून ‘मर्चंट’ (व्यापारी) हेच आडनाव नोंदले गेले व पुढे तेच रूढ झाले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे शिक्षण मुंबईत भरडा हायस्कूल व सिडनम महाविद्यालय येथे झाले. ठाकरसी घराणे हिंदुस्थान स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स या कापड गिरणीचे चालक होते. याच घराण्यातील सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली होती. दानाची ही परंपरा विजय मर्चंट यांच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा तिला निराळे वळण लागले. गरजूला द्रव्य देण्यापेक्षा त्याला काम मिळवून देण्यावर त्यांचा भर राहिला.

क्रीडाजीवन : मर्चंट यांच्या खेळाची जडणघडण मुंबईतील हिंदू जिमखान्याच्या मैदानावर आणि चौरंगी व पुढे पंचरंगी सामन्यांत झाली. १९३२ मध्ये भारताचा संघ पहिल्या कसोटी सामन्यासाठी इंग्लंडला गेला. राष्ट्रीय चळवळीचे नेते त्या वेळी तुरुंगात होते. त्यांच्याशी असलेल्या सहानुभूतीमुळे एल. पी. जय व मर्चंट यांनी त्या दौऱ्यात भाग घेण्याचे नाकारले. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातील पहिला कसोटी सामना झाला. त्यात मर्चंट यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात मँचेस्टर येथील कसोटीत त्यांनी ११४ धावा केल्या आणि मुश्ताक अली (११२) यांच्यासह सलामीला २०३ धावांची भागी रचली. पराभवाच्या छायेत असलेला तो सामना या भागीमुळे अनिर्णित राहिला. १९३७ च्या ‘विस्डेन’ वार्षिकात वर्षातील पाच श्रेष्ठ खेळाडूंमध्ये त्यांची निवड झाली. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धामुळे कसोटी सामने बंद पडले आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंत त्यांना एकही कसोटी सामना खेळता आला नाही. फलंदाजाच्या उमेदीचा हाच काळ असतो. तथापि या अवधीत देशांतर्गत सामन्यांत त्यांनी धावांचे डोंगर उभे केले. १९४३–४४ च्या हंगामात मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध त्यांनी नाबाद ३५९ धावा काढल्या. भारतीय फलंदाजाची ही तोपर्यंतची सर्वोच्च धावसंख्या होती. १९४८–४९ मध्ये महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी पुण्यात नाबाद ४४३ धावा करून ती ओलांडली. १९४३–४४ च्याच हंगामात पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हिंदू संघातर्फे मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, तर प्रतिपक्षाच्या विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा एकट्याने जमविल्या. मुंबईच्या क्रिकेटरसिकांत या दोन विजयांची तुलना पुढे कित्येक वर्षे रंगत असे.

युद्धसमाप्तीनंतर १९४५–४६ मध्ये भारतात आलेल्या ऑस्ट्रेलियन सेनादलाच्या संघाविरुद्ध मर्चंट भारताचे कर्णधार होते. ती अनधिकृत मालिका भारताने १–० अशी जिंकली. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात पतौडीचे नबाब इफ्तिखार अली खान कर्णधार व मर्चंट उपकर्णधार होते. पावसाळी हवामान व ओल्या खेळपट्ट्या असतानाही मर्चंट यांनी त्या दौऱ्यात ७४·५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या. ओव्हल मैदानावरील कसोटीत १२८ धावांवर असताना कॉम्प्टन यांनी पायाने मारलेला चेंडू यष्ट्यांवर आदळून ते धावचीत झाले. १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची कर्णधार म्हणून निवड झाली होती. परंतु प्रकृतीच्या कारणाने त्यांना माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध ते पुन्हा कसोटीत उतरले. वयाची चाळिशी ओलांडलेल्या मर्चंट यांनी त्या सामन्यात १५४ धावा काढल्या. मात्र त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या खांद्याला दुखापत झाली आणि त्यांची कारकीर्द तेथेच संपली.

कसोटी क्रिकेटमधील अठरा वर्षांच्या अवधीत मर्चंट यांच्या वाट्याला केवळ दहा सामने आले आणि ते सर्व इंग्लंडविरुद्धचे होते. त्यांत त्यांनी ४७·७२ च्या सरासरीने ८५९ धावा केल्या. ११४, १२८ व १५४ ही त्यांची तीन शतके अनुक्रमे १९३६, १९४६ व १९५१ मधील असून प्रत्येक नवे शतक आधीच्यापेक्षा मोठे आहे. प्रथम दर्जाच्या १५० सामन्यांत त्यांच्या १३,४७० धावा झाल्या. त्यांची ७१·६४ ही सरासरी दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत डॉन ब्रॅडमन यांच्या खालोखालची मानली जाते. रणजी करंडक स्पर्धेतील त्यांची सरासरी ९८·७५ इतकी आहे. चपळ पदन्यास, भक्कम बचाव आणि चेंडू अगदी उशिरा कट करण्याचे कसब ही त्यांच्या फलंदाजीची वैशिष्ट्ये होत. मुंबईच्या शिस्तबद्ध व चिवट फलंदाजीच्या परंपरेचा उगम अनेक समीक्षक त्यांच्या खेळात शोधतात.

निवड समितीचे अध्यक्षपद : निवृत्तीनंतर मर्चंट यांनी गिरणीच्या कारभारात लक्ष घातले. त्याबरोबरच १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस भारतीय निवड समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. नव्या खेळाडूंना संधी देण्याचे धोरण त्यांनी हिरिरीने राबविले. १९६९ मध्ये न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्याविरुद्धच्या मालिकांत एकनाथ सोलकर, चेतन चौहान, अशोक मंकड, गुंडप्पा विश्वनाथ व मोहिंदर अमरनाथ यांनी कसोटीत पदार्पण केले. यांपैकी सोलकर हे हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याचे पुत्र होत.

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी कर्णधार निवडताना समितीत समसमान मते पडली, तेव्हा मर्चंट यांनी आपले निर्णायक मत मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांच्या पारड्यात टाकले. पतौडी यांनी १९६१ मध्ये इंग्लंडमधील मोटार अपघातात एका डोळ्याची दृष्टी गमावली होती आणि तरीही ते अनेक वर्षे भारताचे कर्णधार राहिले होते. अपंगांचा कैवार घेणाऱ्या व्यक्तीनेच त्यांना दूर सारावे, याबद्दल टीका झाली. १९४६ मधील कर्णधारपदाच्या स्पर्धेशी या निर्णयाचा संबंध जोडण्याचाही प्रयत्न झाला. त्या वर्षी भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड येथील दोन्ही मालिका जिंकल्यामुळे निर्णयाला यशाचे समर्थन लाभले. त्यामागील हेतूंविषयीची चर्चा मात्र थांबली नाही.

अपंगांसाठी कार्य : मर्चंट यांच्या उत्तरायुष्याचा मोठा भाग अंध व अपंग व्यक्तींच्या रोजगारासाठी खर्च झाला. त्या काळी अंधांसाठी खुर्च्यांचे वेत विणणे, मेणबत्त्या करणे असे मोजके व्यवसाय राखीव असल्यासारखे समजले जात आणि त्यांच्या मालाची खरेदीही पुष्कळदा दयाबुद्धीने होई. अपंग मनुष्य योग्य प्रशिक्षणानंतर सामान्य कारखान्यात इतरांच्या बरोबरीने काम करू शकतो, अशी मर्चंट यांची धारणा होती. ती इतर मालकांना सांगण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या गिरणीत अपंगांना कामावर घेऊन आचरणात आणली. उद्योगपतींशी बोलताना दात्याच्या उपदेशापेक्षा मालकाच्या अनुभवाला अधिक वजन असते आणि ते वजन त्यांच्यापाशी होते.

१९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटी फॉर इक्वल ऑपॉर्च्युनिटीज फॉर द हँडिकॅप्ड (नासियो) या संस्थेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. चेंबूर येथील या संस्थेने अपंगांचे व्यावसायिक प्रशिक्षण व रोजगार यांना आपल्या कार्यात प्रमुख स्थान दिले. साहाय्याऐवजी समान संधी हा शब्द संस्थेच्या नावातच योजलेला आहे, ही बाब लक्षणीय आहे. १९५२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राष्ट्रीय अंध संघटनेच्या कार्याशीही मर्चंट यांचा निकटचा संबंध होता. विविध भारतीवरील ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ या कार्यक्रमामुळे त्यांचा आवाज घरोघरी परिचित झाला होता. खेळाने मिळवून दिलेली ही लोकमान्यता त्यांनी या कार्यासाठी वापरली.

कायदा व औद्योगिक वास्तव : मर्चंट यांच्या हयातीतच या प्रश्नाला शासकीय मान्यता मिळू लागली. केंद्र सरकारने १९७७ मध्ये खालच्या श्रेणींतील नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखून ठेवल्या. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. १९९५ च्या कायद्याने तीन टक्क्यांच्या आरक्षणाला वैधानिक आधार दिला. ‘दिव्यांग’ ही संज्ञा रूढ झाल्यानंतरच्या २०१६ च्या कायद्याने हे प्रमाण चार टक्के केले व अपंगत्वाचे एकवीस प्रकार मान्य केले. परंतु हे बंधन सरकारी आस्थापनांपुरते आहे. खाजगी उद्योगांनी पाच टक्के जागा अपंगांना द्याव्यात म्हणून प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे, सक्ती नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २·६८ कोटी अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण केवळ ३६ टक्क्यांच्या आसपास होते.

दरम्यान मुंबईचे औद्योगिक स्वरूपही बदलले. १९८२ च्या संपानंतर कापड गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि कारखानदारी शहराबाहेर सरकली. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला व १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेला बोईसर–तारापूर परिसर हे या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण होय. रसायने, औषधे, पोलाद व कापडप्रक्रिया यांचे कारखाने येथील औद्योगिक वसाहतीत एकवटलेले आहेत. रासायनिक कारखान्यांतील स्फोट व आगी येथे वारंवार झाल्या असून त्यांत कामगारांना जीव वा अवयव गमवावे लागले आहेत. अपघातग्रस्त कामगारास नुकसानभरपाई देण्याचे तत्त्व भारतात १९२३ पासून कायद्याने मान्य आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कामावरून काढता येणार नाही, असे २०१६ चा कायदा सांगतो. तथापि हे संरक्षणही सरकारी आस्थापनेतच मिळते. तारापूरचे अणुवीज केंद्र सरकारी कंपनीचे असल्याने या नियमांच्या कक्षेत येते. काही किलोमीटर अंतरावरील खाजगी कारखान्यात हात गमावलेल्या कामगाराला पुन्हा काम देणे हे मात्र बव्हंशी मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहते. मर्चंट यांनी मालक या नात्याने जे स्वेच्छेने केले, त्याची निकड अशा ठिकाणी अधिक जाणवते.

स्मृती व मूल्यमापन : मर्चंट यांच्या नावाने भारतीय क्रिकेट नियामक मंडळातर्फे सोळा वर्षांखालील खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा भरविली जाते व मुंबईच्या वानखेडे स्टेडियममधील एका प्रेक्षागृहालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या काळी मुंबईचे क्रिकेट प्रायः दक्षिण मुंबईच्या जिमखान्यांभोवती केंद्रित होते. पुढे त्याची कक्षा रुंदावत गेली आणि पालघरनजीकच्या माहीम गावातून लोकल गाडीने सरावासाठी मुंबईस ये-जा करणाऱ्या शार्दूल ठाकूर यांच्यासारखा खेळाडू २०१८ मध्ये भारताच्या कसोटी संघापर्यंत पोहोचला.

क्रिकेटच्या इतिहासात मर्चंट यांचे स्थान त्यांच्या सरासरीमुळे निश्चित झाले आहे. समाजकार्यातील त्यांची कामगिरी अशा आकड्यांत मांडता येत नाही व म्हणून ती कमी परिचित आहे. खुद्द त्यांच्या कसोटी कारकिर्दीतील दोन दीर्घ खंड युद्ध आणि आजारपण यांमुळे पडले. गुणवत्ता असूनही संधी हुकणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांना होता. संघनिवडीत नवख्या खेळाडूंना आणि गिरणीत अपंग कामगारांना त्यांनी जी संधी दिली, ती कामगिरी करून दाखविण्याच्या अपेक्षेसह दिली. अपंगांच्या रोजगाराकडे पाहण्याची ही दृष्टी कायद्याने पुढे अंशतः स्वीकारली. खाजगी उद्योगक्षेत्राने ती पूर्णपणे स्वीकारलेली नाही.