हिशेबांतील चूक आणि तिची दुरुस्ती

जुन्या काळीं पोथीची नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हातून एखादें अक्षर चुकलें, तर तो त्यावर हरताळाचा पिवळा लेप देई आणि लेप वाळल्यावर त्याच जागीं शुद्ध अक्षर लिही. 'हरताळ फासणें' हा वाक्प्रचार त्यांतूनच आला. पोथीपुरती ही रीत योग्यच होती. वाचकाला शुद्ध पाठ हवा असतो. लेखक कोठें अडखळला याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. हिशेबाच्या वहीचा धर्म मात्र याच्या अगदीं उलट आहे. तेथें चुकीवर हरताळ फासावयाचा नसतो. ती तशीच दिसूं देऊन तिच्या दुरुस्तीची दुसरी नोंद करावयाची असते.

मराठी माणसाला हिशेबाची शिस्त परकी नाहीं. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द आजही वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकांत आहेत आणि ते मराठेशाहीच्या दफ्तरांतही होते. मुंबईच्या उपनगरांस तर हा वारसा थेट पोहोंचतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड हीं गांवें ज्या साष्टी बेटावर वसलीं आहेत, तें मराठ्यांनीं 1737 सालीं पोर्तुगीजांकडून जिंकलें. 1774 च्या अखेरीस इंग्रजांनीं तें घेतलें आणि 1782 च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडेच राहिलें. मधल्या सदतीस वर्षांत या गांवांचा वसूल पेशवाईच्या कारभारांत मोडत होता. पुण्यास रुमालांत बांधून ठेवलेल्या पेशवे दफ्तरांतील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांनीं 1930 ते 1934 या काळांत पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले.

प्रत्येक व्यवहार एका खात्यावर नांवें आणि दुसऱ्यावर जमा लिहिण्याची जी पद्धत आज शिकविली जाते, तिचें पहिलें छापील विवेचन 1494 सालीं व्हेनिस येथें लुका पाचोली या गणितज्ञ संन्याशानें केलें. चुकून भलत्याच जागीं पडलेल्या रकमेसाठीं त्यानें स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. खरडून काढूं नका, उलट नोंद करून ती रद्द करा, हें त्याचें सार. मुंबईंत या विद्येला 1913 हें वर्ष मोलाचें ठरलें. त्याच वर्षीं सिडनहॅम कॉलेज निघालें आणि नवा कंपनी कायदाही आला. 1928 च्या जानेवारींत कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, आणि कोटांतील कचेऱ्यांत खतावणी लिहिणाऱ्या कारकुनाला उपनगरांत बिऱ्हाड करणें सोयीचें झालें.

त्याच्या कामांतील एक नित्याचा प्रसंग घ्यावा. गिऱ्हाइकाकडून 540 रुपये आले. रोकडवहींत रक्कम बरोबर लिहिली, पण खतावणींत त्याच्या खात्यावर 450 च जमा पडले. वर्षअखेर तेरीज काढली, तों जमेची बाजू 90 रुपयांनीं कमी. नऊनें नि:शेष भाग जाणारा फरक दिसला कीं अंकांची अदलाबदल झाली असावी, असा तर्क मुरलेला हिशेबनीस प्रथम करतो. पण चूक त्या दिवशीं सांपडलीच नाहीं तर? मग ते 90 रुपये एका तात्पुरत्या खात्यावर जमा दाखवितात. कचेरींत त्याला सस्पेन्स खातें म्हणतात. मराठींत निलंबन खातें म्हणावें. पुढें चूक उमगली कीं रोजकीर्दींत निलंबन खातें 90 नांवें आणि गिऱ्हाइकाचें खातें 90 जमा अशी नोंद, कारणाच्या तपशिलासह, करावयाची. निलंबन खातें शून्यावर येतें. त्याचें कार्य संपतें.

परंतु सगळ्याच चुका तेरीज पकडत नाहीं. कपाट 250 रुपयांना घेतलें आणि ती रक्कम सामानसुमानाऐवजीं दुरुस्तीखर्चाच्या खात्यावर नांवें पडली, तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात. नफा मात्र 250 रुपयांनीं कमी दिसतो. येथें निलंबन खात्याचें कामच नाहीं. सामानसुमान नांवें, दुरुस्तीखर्च जमा, एवढी एकच नोंद पुरते. मेळ बसला म्हणजे हिशेब खरा झाला, असें नव्हे, हें यावरून दिसतें. म्हणूनच पावत्या आणि वह्या यांची रुजुवात लागते.

चूक आणि लबाडी यांत मात्र मूळचाच भेद आहे. भांडुप येथें मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर 2019 मध्यें रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले. एका बांधकाम उद्योगसमूहाचीं थकलेलीं कर्जें एकवीस हजारांवर बनावट खात्यांआड लपविल्याचा आरोप पोलिसांत नोंदला गेला. ठेवीदारांना प्रारंभीं केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. पुढें मर्यादा वाढली आणि जानेवारी 2022 मध्यें बँक दुसऱ्या बँकेंत विलीन झाली; पण दरम्यान अनेक घरांतील औषधपाण्याचे आणि शाळेच्या फीचे पैसे अडकून पडले.

निलंबन खात्याची खरी किंमत अशा वेळीं कळते. 'येथें फरक आहे, तो अजून उलगडलेला नाहीं,' अशी ती उघड कबुली असते. मात्र तें वर्षानुवर्षें तसेंच राहूं दिलें, तर तीच कबुली अडगळीची खोली बनते.

1 एप्रिल 2023 पासून भारतांतील कंपन्यांना संगणकावरील हिशेबांत प्रत्येक बदलाचा तारखेसह माग ठेवणें बंधनकारक झालें आहे, आणि ती सोय बंद करतां येत नाहीं. कागदाची वही गेली, कळफलक आला; पण पाचोलीचा तो नियम कायम राहिला. हिशेबाला हरताळ चालत नाहीं.