क्रांती आणि गावचे दप्तर

१७८९ सालच्या १४ जुलैला पॅरिसच्या जनतेने बॅस्टिलचा किल्ला घेतला, ही गोष्ट शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून जे घडले, त्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. लुटारूंच्या टोळ्या येत आहेत, उभी पिके कापून नेणार आहेत, अशी वदंता एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात पसरत गेली. टोळ्या आल्याच नाहीत. पण कोयते आणि काठ्या घेऊन जमलेले शेतकरी तसेच घरी परतावयास तयार नव्हते. अनेक ठिकाणी त्यांनी जमीनदाराच्या गढीची वाट धरली. तेथे त्यांनी मागितले ते सोनेनाणे नव्हे, कागद. कोणत्या शेतावर धन्याचा कोणता हक्क, कोणत्या कुळाकडून किती धान्य येणे, याची जुनी दप्तरे बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. त्या जमावातील पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. परंतु आपल्या दैन्याचे मूळ कोणत्या पेटीत कुलूपबंद आहे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

क्रांतीचा इतिहास आपण बहुधा सभागृहातील भाषणांतून आणि गिलोटिनच्या पात्यावरून वाचतो. तो गावच्या दप्तरावरून वाचू गेल्यास निराळा दिसतो. त्याच वर्षी वसंत ऋतूत राजाने इस्टेट्स-जनरल ही जुनी प्रतिनिधिसभा बोलावली, तेव्हा गावोगाव लोकांनी आपली गाऱ्हाणी वह्यांत लिहून पाठविली होती. अशा सुमारे ६० हजार वह्या तयार झाल्या. त्यांत राजाला घालवा अशी मागणी नाही. तक्रारी आहेत त्या धन्याच्या कबुतरांनी पेरलेले दाणे खाल्ल्याच्या, मोजमापांच्या लबाडीच्या आणि मिठावरील कराच्या. मिठावरच्या कराचे दुःख भारतीय श्रोत्यास समजावून सांगावयास नको.

४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रसभेतील उमरावांनी एकामागून एक उठून आपले हक्क सोडले. त्या रात्रीचे वर्णन करताना इतिहासकारांची लेखणी सद्गदित होते. पण पुढील काही दिवसांत ठरावाचा मसुदा तयार झाला, तेव्हा जमिनीशी निगडित असलेले बरेचसे हक्क कुळांनी मोबदला देऊनच सोडवून घ्यावेत, असे त्यात लिहिले गेले. औदार्य रात्रीचे, हिशेब दिवसाचा! शेतकऱ्यांनी तो हिशेब मानला नाही. ते देणे देईनात, दंगे करीत. आणि अखेर १७ जुलै १७९३ रोजी सर्व सरंजामी देणी विनामोबदला रद्द झाली. ४ ऑगस्टचे वचन पुरे होण्यास चार वर्षे लागली.

मात्र ज्या हाताने हे दिले, त्याच हाताने दुसरे काही मागितलेही. धर्मगुरूंनी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी, असे ठरले; जवळजवळ निम्म्यांनी ती नाकारली. ज्याने आपले लग्न लावले, आईबापांना माती दिली, तो पाद्री एका कागदावर सही करीत नाही म्हणून पदच्युत होतो, हे पश्चिम फ्रान्समधील शेतकऱ्यास उमजेना. १७९३ च्या फेब्रुवारीत तीन लाख माणसांच्या लष्करभरतीचा हुकूम निघाला आणि मार्चमध्ये व्हांदे प्रांत पेटला. ज्यांच्यासाठी क्रांती झाली म्हणावे तेच तिच्याशी लढू लागले. दहशतीच्या काळात न्यायालयांच्या शिक्षेने सुमारे १७ हजार माणसांचे प्राण गेले. ते सारे उमराव होते अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः त्यांतील दर दहांपैकी आठांहून अधिक सामान्य थरांतील होते.

इतका रक्तपात चालू असता, मोठ्या घटनांच्या छायेत, काही कायदे निमूटपणे होत होते. २० सप्टेंबर १७९२ हा वाल्मीच्या लढाईचा दिवस म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच दिवशी राष्ट्रसभेने जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंदबुके चर्चकडून काढून नगरपालिकांकडे सोपविली. १७८७ पर्यंत प्रॉटेस्टंट दांपत्याचा विवाह कायद्याच्या दृष्टीने झालेलाच नसे व त्यांची मुले अनौरस ठरत. आता कोणत्याही धर्माचा मनुष्य केवळ माणूस म्हणून त्या पुस्तकात शिरू लागला. कारकुनाने ओढलेल्या एका ओळीला केवढे मोल असू शकते, हे ज्यांची ओळच कधी लिहिली गेली नव्हती त्यांनाच कळावे.

वारशाचा कायदाही असाच घराच्या उंबऱ्याआत आला. थोरल्या मुलाचा अग्रहक्क गेला. मुलीही समान वाटेकरी झाल्या. जानेवारी १७९४ मध्ये हा नियम १४ जुलै १७८९ पासून मागे जाऊन लागू करण्यात आला. झालेल्या वाटण्या पुन्हा उकलल्या, बहिणींनी भावांवर दावे लावले, वर्षानुवर्षांचा अबोला सुरू झाला. पूर्वलक्षी अंमल पुढे १७९५ मध्ये मागे घेण्यात आला. पण नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने बापाला काही भाग इच्छेप्रमाणे देण्याची मुभा दिली, तरी मुलामुलींचा समान हक्क मोडला नाही. घटस्फोटाचे मात्र तसे झाले नाही. तोही २० सप्टेंबर १७९२ रोजीच मिळाला होता. १८१६ मध्ये तो काढून घेण्यात आला आणि परत येण्यास १८८४ साल उजाडले.

कॅलेंडरची कथा याहून बोधप्रद आहे. १७९३ च्या शरदात नवी कालगणना सुरू झाली. महिने बारा, प्रत्येकी तीस दिवसांचे. आठवडा दहा दिवसांचा. वर्षअखेरीस पाच-सहा दिवस जादा. दिवसाचे तास दहा व तासाची मिनिटे शंभर. गणिताच्या दृष्टीने यात दोष काढणे कठीण. परंतु पूर्वी सातव्या दिवशी मिळणारी विश्रांती आता दहाव्या दिवशी मिळू लागली, हे गणित मजुराला चटकन समजले. लोक रविवारी काम बंद ठेवीत आणि दशमदिनी नांगर धरीत. अधिकारी दंड करीत. १७९८ मध्ये तर विवाहही दशमदिनीच लागले पाहिजेत, असा कायदा झाला. १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियनने ही गणना बंद केली, तेव्हा तिच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही.

दशमान घड्याळाची सक्ती त्याआधीच, ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने, स्थगित झाली होती. गंमत अशी की, त्याच कायद्याने मीटर, लीटर आणि ग्रॅम यांना नावे दिली. घड्याळ बदला, असे त्या ६० हजार वह्यांतून कोणी मागितले नव्हते. मापे एक करा, असे मात्र पुष्कळांनी मागितले होते, कारण धन्याचे धान्य मोजण्याचे माप त्याच्याच घरी असे आणि घेताना ते मोठे होई. तरीही मीटर सुखाने रुजला असे नाही. शेतकऱ्याला हवे होते एकच खरे माप. विद्वानांनी त्याला दिला पृथ्वीच्या मध्यान्हवृत्ताचा अंश, आणि त्यासाठी डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंत वर्षानुवर्षे मोजणी केली. बाजारात जुनीच नावे चालू राहिली. १८१२ मध्ये नेपोलियनने व्यवहारासाठी जुन्या धर्तीच्या मापांस पुन्हा परवानगी दिली. १८३७ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जानेवारी १८४० पासून मेट्रिक मापे फ्रान्समध्ये कायमची सक्तीची ठरली. भारताने १९५६ च्या कायद्याने शेर, मण व गज यांच्या जागी तीच मापे स्वीकारली, तेव्हा तराजूमागे बसलेल्या दुकानदारांची तारांबळ उडाली. पण ती मागणी मुळात कोणत्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून निघाली, याची आठवण होण्याचे कारण नव्हते.

फ्रान्समध्ये १७८९ च्या वसंतात त्या वहीखाली सही केलेला तिशीतला माणूस १८४० च्या त्या दिवशी ऐंशीच्या घरात असता. मधल्या काळात त्याने दोन राजे पदच्युत झालेले, एक सम्राट दोनदा गेलेला पाहिला असता, बहुधा एखादा मुलगाही लढाईत गमावला असता. त्यांच्यापैकी खऱ्या मापाने धान्य मोजलेले पाहावयास फारच थोडे उरले असतील.