मजल दरमजल : हिमालयातील ट्रेकची कुळकथा

हिमालयातील मार्गदर्शित ट्रेक, म्हणजे ज्यात वाट, मुक्काम, तंबू, स्वयंपाक आणि ओझे यांची तजवीज दुसऱ्या कोणीतरी आधीच करून ठेवलेली असते आणि पाहुण्याने फक्त चालायचे असते असा पायी प्रवास, आज इतका परिचित झाला आहे की तो फार जुना असावा असे वाटते. प्रत्यक्षात पैसे मोजून घेता येणारा तयार कार्यक्रम म्हणून त्याचे वय जेमतेम साठ वर्षांचे आहे. त्याचे घटक मात्र पुष्कळ जुने असून ते लष्करी कूच, चहाचे मळे आणि डोंगरी हमालांची रोजची वाटचाल अशा एकमेकांपासून दूरच्या ठिकाणांहून आलेले आहेत.

‘ट्रेक’ हा शब्द मूळचा पर्वतातला नाही. डच भाषेत ‘ट्रेकेन’ म्हणजे ओढणे, आणि दक्षिण आफ्रिकेतील डच वसाहतकऱ्यांच्या बोलीत बैलांनी ओढलेल्या गाड्यांतून केलेल्या लांबच्या प्रवासाला ट्रेक हे नाव पडले. 1830 च्या दशकात ब्रिटिश अंमलाला कंटाळून हे लोक केप वसाहत सोडून आतल्या प्रदेशात निघाले, ते स्थलांतर ‘ग्रेट ट्रेक’ म्हणून इतिहासात नोंदले गेले. तेथून हा शब्द इंग्रजीत रुळला आणि पुढे नेपाळच्या वाटांवर येऊन इतका स्थिरावला की आता सह्याद्रीतल्या गडावर जाणारा मराठी तरुणही आपण ट्रेकला निघालो असेच म्हणतो. शब्दाच्या मूळ अर्थाकडे पाहिले तर हे नाव पाठीवर हलकी पिशवी घेऊन चालणाऱ्यापेक्षा त्याचे सामान वाहणाऱ्याला अधिक शोभते, कारण ओढण्याचे काम बैलांकडून सुटले ते माणसाच्या कपाळाकडे आले.

येथे कपाळ हा शब्द अक्षरशः घ्यायचा आहे. नेपाळी हमाल वेताच्या किंवा बांबूच्या विणीची निमुळती टोपली, म्हणजे डोको, पाठीवर घेतो आणि तिचा भार नाम्लो नावाच्या पट्ट्याने कपाळावर तोलतो. हातात टोकमा ही आडव्या मुठीची आखूड काठी असते, जी डोकोखाली टेकवून उभ्या उभ्या दम घेता येतो. वाटेवर ठिकठिकाणी वडापिंपळाच्या सावलीत दगडी चौतारे बांधलेले आढळतात. आपल्याकडच्या पाराशी त्यांचे नाते उघड दिसते, परंतु त्यांची बैठक अशा उंचीवर असते की पाठीवरचे ओझे खाली न वाकता तिच्यावर टेकवता यावे. अनेक चौतारे मृत आप्तांच्या स्मरणार्थ पुण्यकर्म म्हणून बांधलेले आहेत. या ओझ्यानेच दिवसाची मजल ठरली. ‘मजल’ हा शब्द अरबी ‘मंझिल’चे मराठी रूप असून त्याचा मूळ अर्थ उतरण्याची जागा असा आहे; भरल्या डोकोसह माणूस उजेडात जेथवर पोहोचेल, जेथे पाणी आणि सरपण मिळेल, तेथे मजल संपे. हिमालयातील प्रत्येक मोहिमेचे वेळापत्रक या हिशेबावर उभे राहिले, साहेबांच्या चालण्यावर नव्हे.

मोहिमांच्या परिभाषेतील आणखी एक शब्द मराठी वाचकाला थबकवणारा आहे. ‘सरदार’ म्हटले की मराठी मनापुढे पागा, जहागीर आणि दरबार उभा राहतो. हिमालयात मात्र सरदार म्हणजे मोहिमेतील शेर्पांचा आणि हमालांचा प्रमुख. माणसे जमवणे, ओझी वाटणे, उचल आणि मजुरी देणे, भांडणे मिटवणे आणि साहेबाचा हुकूम शक्य त्या स्वरूपात अमलात आणणे ही त्याची कामे होत. दरबारातून डोंगरात उतरताना हा शब्द वसाहतकाळातील मजुरीच्या जगातून गेला, कारण दार्जिलिंगच्या चहाच्या मळ्यांत नेपाळमधून मजूर आणून त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुकादमालाही सरदारच म्हणत असत. त्याच दार्जिलिंगला कामाच्या शोधात शेर्पा येत होते. ‘शर’ म्हणजे पूर्व आणि ‘पा’ म्हणजे लोक; पूर्वेकडून, तिबेटच्या खाम प्रांतातून काही शतकांपूर्वी सोलू-खुंबू भागात आलेल्या या समाजाचे ते नाव आहे, व्यवसायाचे नव्हे. अलेक्झांडर केलस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने 1907 पासून सिक्कीममध्ये चढाया करताना शेर्पांना सोबत घेतले आणि त्यांची योग्यता ओळखली. 1921 च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेच्या वाटेवर तो मरण पावला, पण त्या मोहिमेपासून शेर्पा हिमालयीन गिर्यारोहणाचा कणा झाले. 1928 मध्ये स्थापन झालेल्या हिमालयन क्लबने, ज्याचा कारभार आता मुंबईतून चालतो, दार्जिलिंगमध्ये शेर्पांच्या नोंदी ठेवल्या आणि 1930 च्या दशकाच्या अखेरीस उत्तम कामगिरी करणाऱ्यांना ‘टायगर’ हे पदक देण्यास सुरुवात केली. एका समाजाचे नाव व्यवसायाचे नाव होऊन बसण्याची प्रक्रिया या नोंदवह्यांतून पक्की झाली, आणि तिने शेर्पांना जितकी प्रतिष्ठा दिली तितकेच त्यांना एका चौकटीतही बसवले, असे म्हणणे भाग आहे.

या सर्व व्यवस्थेचे प्रौढ रूप 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत दिसते. जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील हे पथक मार्चमध्ये काठमांडूच्या खोऱ्यातून दोन तुकड्यांत निघाले. सोबत सुमारे 350 हमाल होते आणि तेंगबोचेच्या मठापर्यंत पोहोचण्यास त्यांना अडीच आठवडे लागले. त्यानंतर हंट यांनी विरळ हवेच्या सरावासाठी आणखी काही आठवडे मुद्दाम राखून ठेवले. या मोहिमेच्या मागून प्राणवायूच्या नळकांड्यांची दुसरी खेप घेऊन येण्याचे काम जेम्स रॉबर्ट्स या गुरखा पलटणीतील अधिकाऱ्याकडे होते. ती पोहोचवून तो सेन तेन्झिंग या शेर्पासह बाजूच्या खोऱ्यांत फिरला आणि त्या दोघांनी मेरा शिखरावर पहिले पाऊल ठेवले. शिखरापेक्षा तेथवरची वाट अधिक आवडणारा हा माणूस होता. 1963 च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत सुमारे 900 हमालांच्या वाहतुकीची जबाबदारी त्यानेच सांभाळली, आणि पुढल्याच वर्षी काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था स्थापन केली.

रॉबर्ट्सची कल्पना वरकरणी साधी होती : मोहिमेतील शिखर तेवढे वजा करायचे आणि सरदार, स्वयंपाकी, हमाल, तंबू आणि मजला हे बाकी सारे तसेच ठेवायचे. 1965 च्या वसंतात तीन अमेरिकन महिला या पद्धतीने एव्हरेस्टच्या दिशेने पायी जाऊन आल्या, आणि संघटित ट्रेकचा प्रारंभ तेथून मानला जातो. पहाटे तंबूच्या दाराशी येणारा चहा हा अशा ट्रेकमधला प्रघात इंग्रजी अमदानीतील ‘छोट्या हाजरी’चा, म्हणजे साहेबाच्या पहाटेच्या चहाचाच, वंशज दिसतो. योगायोगाने त्याच सुमारास नेपाळ सरकारने काही वर्षांसाठी गिर्यारोहण मोहिमांवर बंदी घातली, त्यामुळे रिकाम्या झालेल्या शेर्पांना ट्रेकने काम दिले. 1978 मध्ये मेरा आणि आयलंड पीकसह 18 लहान शिखरे ‘ट्रेकिंग पीक’ म्हणून खुली झाली, तेव्हा वजा केलेले शिखर, मर्यादित स्वरूपात का होईना, पुन्हा जमेस धरले गेले.

दरम्यान या पद्धतीतून एक महत्त्वाची गोष्ट नकळत गळाली होती. 1964 मध्ये एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने लुक्ला येथे, सुमारे 2860 मीटर उंचीवर, धावपट्टी झाली. ती बांधण्याचा हेतू खुंबूतील शाळा आणि रुग्णालयासाठी सामान आणणे हा होता, परंतु तिने अडीच आठवड्यांची पायपीट जवळजवळ एका तासावर आणली. ती पायपीट केवळ वाहतूक नव्हती. तिने शरीर घडत होते, चढ-उताराची सवय होत होती आणि उंचीशी जुळवून घेण्यास वेळ मिळत होता. विरळ हवेत श्वास खोल आणि जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातील आम्लतेचा तोल नव्याने साधतात, तांबड्या पेशी वाढतात, आणि हे सर्व दिवसांच्या हिशेबाने होते, तासांच्या नव्हे. ही मुदत न मिळालेल्या माणसाला डोकेदुखी आणि मळमळीपासून फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचण्यापर्यंतचे विकार गाठतात. 1973 मध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन स्थापन झाली आणि तिने एव्हरेस्टच्या वाटेवरील फेरिचे येथे दवाखाना चालवला. तेथे, 4243 मीटर उंचीवर, पीटर हॅकेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 278 पदयात्रींची तपासणी केली. 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार निम्म्याहून अधिक लोकांत उंचीच्या विकाराची लक्षणे होती, आणि पायी आलेल्यांपेक्षा लुक्लापर्यंत विमानाने आलेल्यांत त्यांचे प्रमाण जास्त होते.

विमानाने वाचवलेले दिवस मग नियोजनकाराला परत द्यावे लागले. 3000 मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात सुमारे 500 मीटरहून अधिक उंच नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एकाच ठिकाणी दुसरी रात्र काढावी, हा आज सर्वमान्य झालेला नियम त्या परतफेडीचाच हिशेब आहे. म्हणून एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या कार्यक्रमात 3440 मीटरवरील नामचे आणि 4410 मीटरवरील दिंगबोचे येथे दोन-दोन रात्री असतात. त्या मधल्या दिवशी लोक वरच्या उतारावर चढून जातात आणि झोपायला पुन्हा खाली येतात. लुक्लाहून 5364 मीटरवरील बेस कॅम्पला जाण्यास या हिशेबाने साधारण आठ दिवस लागतात, आणि त्याच वाटेने परत येण्यास तीन ते चार.