बीजाणुनाशक रसायने : इतिहास

बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम इ. वंशांतील सूक्ष्मजंतू प्रतिकूल परिस्थितीत जी सुप्त व टणक अवस्था धारण करतात, तीस अंतर्बीजाणू म्हणतात. सांसर्गिक काळपुळी व धनुर्वात या रोगांचे जंतू या अवस्थेत मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. अनेक थरांचे आवरण, गाभ्यातील पाण्याचे अल्प प्रमाण आणि तेथील कॅल्शियम व डायपिकोलिनिक अम्ल यांचे संयुग यांमुळे ते उष्णतेला व बहुतेक रसायनांना दाद देत नाहीत.

जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये शस्त्रक्रियेत कार्बॉलिक अम्लाचा पुरस्कार केला, तेव्हा बीजाणूंचे स्वरूप अज्ञात होते. ते १८७६ मध्ये फेर्डिनांट कोन व रॉबर्ट कॉख यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. १८८१ मध्ये कॉख यांनी काळपुळीचे बीजाणू रेशमी धाग्यांवर वाळवून निरनिराळ्या विद्रावांत ठेवले. कार्बॉलिक अम्लाच्या ५% विद्रावातही ते मरण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला. तेलात किंवा अल्कोहॉलात विरघळविलेले हे अम्ल तर निष्प्रभ ठरले. मर्क्युरिक क्लोराइड मात्र काही मिनिटांतच गुणकारी वाटले. परंतु धाग्यास चिकटलेला पारा अमोनियम सल्फाइडाने निष्क्रिय केल्यास बीजाणू पुन्हा वाढतात, असे गेपर्ट यांनी १८८९ मध्ये दाखविले. वाढ थांबणे म्हणजे मरण नव्हे, हा भेद त्यामुळे प्रस्थापित झाला.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, याचे उदाहरण भारतातच आढळते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे मुंबईच्या प्रयोगशाळेत तयार झालेली प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका वॉल्डेमार हाफकीन यांच्यावर आला. तथापि जमिनीवर पडलेला चिमटा ज्योतीत न धरता कार्बॉलिक विद्रावात केवळ बुचकळून त्याने कुपी उघडली गेली, असे साक्षीत निघाले होते. हे सर्व जण एकाच कुपीतील लस टोचलेले होते. हाफकीन १९०७ मध्ये दोषमुक्त झाले.

पुढे फॉर्माल्डिहाइड, एथिलीन ऑक्साइड, परॲसिटिक अम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड व क्लोरीनयुक्त संयुगे ही खरी बीजाणुनाशके ठरली. १९६० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या ग्लुटराल्डिहाइडाच्या २% अल्कधर्मी विद्रावास सामान्य जंतू मारण्यास काही मिनिटे, तर बीजाणूंसाठी सु. १० तास लागतात. स्कॉटलंडमधील ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये युद्धप्रयोगार्थ पसरविलेले काळपुळीचे बीजाणू चार दशकांनंतरही जिवंत होते; १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात मिसळलेले फॉर्माल्डिहाइड शिंपडून जमीन शुद्ध केली गेली व १९९० मध्ये बेट निर्धोक जाहीर झाले. अमेरिकेत २००१ मध्ये टपालातून काळपुळीचे बीजाणू पाठविले गेले, तेव्हा इमारतींच्या शुद्धीकरणासाठी क्लोरीन डाय-ऑक्साइड वायू वापरण्यात आला.

अल्कोहॉल बीजाणूंना मारीत नाही. म्हणूनच क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या अतिसारात रुग्णसेवकांनी साबण व पाणी यांनी हात धुणे आवश्यक ठरते. त्याने बीजाणू मरत नसले, तरी वाहून जातात. जंतुनाशकाची परिणामकारकता त्याच्या नावावर नव्हे, तर तीव्रता, संपर्काचा काळ, तापमान व पृष्ठभागाची स्वच्छता यांवर अवलंबून असते.