दख्खनी महासीर

दख्खनी महासीर (शास्त्रीय नाव: टॉर खुद्री) हा द्वीपकल्पीय भारतातील नद्यांमध्ये आढळणारा, कार्प कुळातील गोड्या पाण्याचा मासा आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये पुणे परिसरातील मुळा-मुठा नदीतील माशांवरून या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

गळाची मासेमारी
गळ लागताच हा मासा वेगाने दूर धावतो व दोर ताणून धरतो. त्यामुळे हौशी मासेमारांमध्ये महासीर प्रतिष्ठेचा मानला जातो. ट्राउटसाठी पिसे व दोरा गळावर गुंडाळून कीटकासारखी कृत्रिम माशी बांधतात. महासीर सर्वभक्षी असल्याने त्याला माशीबरोबरच चकाकणारा धातूचा चमचा किंवा पिठाचा गोळाही लावतात. कावेरीवर त्यासाठी नाचणीचे पीठ वापरले जात असे. पकडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे.

संवर्धन
धरणे, प्रदूषण व सुरुंगाने केलेली मासेमारी यांमुळे महासीरची संख्या घटली. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन केले जाते. तेथील बीज कावेरीतही सोडण्यात आले. पुढे कावेरीत निळ्या परांचे हे महासीर वाढले, तर तेथील मूळचा कुबड असलेला महासीर (टॉर रेमादेवी) दुर्मीळ झाला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली. त्यामुळे बीज सोडण्यापूर्वी ती जात त्या नदीची मूळची आहे का, हे तपासणे आवश्यक ठरते.